ट्रॉलीच्या पाठीचा तांबडा दिवा

दसरा आटोपला की बीड जिल्ह्याच्या बालाघाटी पट्ट्यातील, म्हणजे शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावे हळूहळू ओस पडू लागतात. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली ऊसतोड कामगारांची, म्हणजे ‘कोयत्यां’ची, जोडपी भांडीकुंडी, सरपण, शेरडे आणि लेकरे ट्रॉलीत घालून सांगली-कोल्हापूरच्या, सोलापूर-अहिल्यानगरच्या, आणि कित्येकदा सीमेपलीकडील कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्याच सुमारास जिल्ह्यातील तेलगाव, पवारवाडी, आनंदगाव सारणी येथील कारखान्यांचेही गाळप सुरू होते, आणि मग पुढले चार-पाच महिने येथील रस्त्यांवर सूर्यास्तानंतर ज्या वाहनाची सत्ता चालते ते म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. पुढे ‘हेड’, म्हणजे खुद्द ट्रॅक्टर, त्याच्या हुकाला अडकवलेली एक ट्रॉली, तिच्या हुकाला अडकवलेली दुसरी, आणि दोहोंवर चारही अंगांनी बाहेर ओघळलेल्या मोळ्या, असा हा लांबलचक जथा धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेने रात्री जाऊ लागला, म्हणजे त्याच्या अस्तित्वाची वर्दी मागून येणाऱ्याला देणारी वस्तू एकच उरते: दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीशी बसवलेले, दोन बोटांच्या पत्र्याने तोललेले, तांबड्या काचेचे दोन दिवे. या प्रकरणाचा विषय ते दिवे, आणि त्यांतील तापणाऱ्या तारेच्या जागी एलईडी बसवण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, तो आहे.

या दिव्यांचे महत्त्व किती, हे गणिताच्या भाषेत सांगणे बरे, कारण भयाच्या भाषेत ते पुष्कळदा सांगून झाले आहे. भरलेला ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या गतीने चालतो. मागून येणारी मोटार ताशी ऐंशीच्या गतीने येत असेल, तर दोहोंतील अंतर ताशी साठ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटरच्या वेगाने आटत असते. अंधारात उसाचा ढीग, जो मुळातच काळपट-हिरवा आणि प्रकाश गिळणारा असतो, मोटारीच्या खाली पाडलेल्या दिव्यांच्या उजेडात पन्नास मीटरांवर दिसला, तर चालकाच्या हाती जेमतेम तीन सेकंद उरतात, आणि त्यांतला एक-दीड सेकंद हे काय आहे ते उमगण्यातच जातो. उलट, तांबडा दिवा दोनशे मीटरांवरून दिसला, तर तोच चालक बारा सेकंद आधी सावध होतो, गती आवरतो आणि उजवीकडून निघून जातो. काही घडतच नाही, म्हणून त्या दिव्याची कोणी आठवणही ठेवत नाही.

दिवा तांबडाच का, या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या पुस्तकांत असे देण्याची चाल आहे की तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी मोठी, म्हणून तो हवेत कमी विखुरतो. स्वच्छ हवेपुरते हे यथार्थ आहे. परंतु धुक्याचे थेंब आणि रस्त्यावरची धूळ हे कण प्रकाशाच्या तरंगांहून पुष्कळ मोठे असल्यामुळे त्यांच्यापुढे तांबड्याची मातबरी फारशी चालत नाही. खरे कारण रूढीचे आहे आणि ती रूढी मोटारीला आगगाडीकडून वारशाने मिळाली. तांबडे म्हणजे थांबा, आणि गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला तांबडा दिवा, हा आगगाडीचा दंडक. तो दिवा दिसला की स्टेशनावरील माणसाची खातरजमा होते की गाडी अखंड आली, मध्येच कोठे डबे तुटून मागे राहिले नाहीत. बीड शहराला ही आगगाडी पाहण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे मराठवाडा मुक्तीचा सत्त्याहत्तरावा वाढदिवस उजाडेपर्यंत, ताटकळावे लागले. पण तिचा कायदा येथील रस्त्यांवर तिच्या कितीतरी आधीपासून चालू होता. दुर्दैव इतकेच की दोन ट्रॉल्यांच्या जथ्यात शेवटच्या डब्याचा दिवा हाच सर्वांत आधी विझतो.

तो का विझतो? जुना बल्ब म्हणजे निर्वात किंवा निष्क्रिय वायूने भरलेल्या काचेत ताणून धरलेली टंगस्टनची बारीक तार. वीज तिच्यातून गेली की ती सुमारे अडीच हजार अंश तापते आणि उजळते. परंतु खर्चलेल्या विजेचा अगदी अल्प अंश, ढोबळ मानाने विसावा हिस्सा, दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो आणि बाकीची सारी उष्णता होऊन जाते. त्या अल्प प्रकाशातही सप्तरंग असतात, आणि पुढची तांबडी काच तांबडा तेवढा ठेवून इतर रंग अडवते. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या विजेची वाटेत दोनदा लूट होते. ट्रॅक्टर-ट्रॉलीला जो डबल पॉइंटचा बल्ब लागतो त्यात अशा दोन तारा असतात: पाच वॉटची नित्य जळणारी आणि एकवीस वॉटची, ब्रेक दाबला म्हणजे पेटणारी. या तारांचा जन्मजात शत्रू म्हणजे धक्का. स्प्रिंगांविना धावणारी ट्रॉली, पाणंदीतले खड्डे, रिकाम्या परतीच्या फेरीत तर दणक्यांना सुमारच नसतो. बारीक तार हे किती दिवस सोसणार? होल्डरमध्ये धूळ आणि उसाची चिकटी साचते, पावसाळ्यात पितळेवर हिरवी बुरशी चढते, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर चालक म्हणतो, ‘लाईन येत नाही.’ बदललेला बल्ब आठ दिवसांत पुन्हा उडाला की मग कोणी बदलीत नाही.

या तारेला पर्याय म्हणून जो एलईडी आला त्याची पूर्वपीठिका रंजक आहे, आणि तिच्यातील एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट लागू आहे. १९०७ साली इंग्लंडातील राउंड नावाच्या अभियंत्याने सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाला वीज लावली असता तो मंद चमकतो असे नमूद केले. पुढे १९२० नंतरच्या दशकात रशियातील लोसेव्ह याने त्या चमकेचा चिकाटीने अभ्यास केला. पण व्यवहारोपयोगी असा पहिला दृश्य एलईडी १९६२ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांच्या हातून घडला, आणि तो तांबडा होता. प्रखर निळा एलईडी साधायला त्यानंतर तीस वर्षे लागली, आणि ज्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांनी तो साधला त्यांना, अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना, २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावाचून पांढरा होत नाही, म्हणून घरातल्या दिव्यांना एलईडीची वाट पाहावी लागली. मोटारीच्या मागच्या दिव्याला मात्र तांबडाच हवा असल्यामुळे त्याचा नंबर आधी लागला. ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांच्या संयुगापासून १९९० नंतर जे तेजस्वी तांबडे एलईडी निघाले त्यांनी हे काम सुकर केले, आणि २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिल या अमेरिकन मोटारीचा मागचा दिवा सगळाच्या सगळा एलईडीचा होता.

एलईडीत तापण्याची तार नसते. दोन भिन्न स्वभावांच्या अर्धवाहक थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो आणि त्या उतरणीत जी ऊर्जा सुटते तीच प्रकाश होऊन बाहेर पडते. उतरण जेवढी उंच तेवढा प्रकाश निळ्याकडे, जेवढी ठेंगणी तेवढा तांबड्याकडे. म्हणून तांबडा एलईडी मुळातच तांबडा प्रकाश देतो, काचेने गाळून घेण्याचे कारण उरत नाही. एकवीस वॉटच्या बल्बचे काम तो तीन-चार वॉटांत करतो, त्याला तुटायला तार नाही, आणि तो पेटतो तत्क्षणी. तापलेल्या तारेला पूर्ण तेज यायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. ताशी नव्वदने धावणारी मोटार तेवढ्या अवधीत पाच मीटर पुढे सरकते. मोटारीच्या ब्रेक-लाईटसाठी हा लाभ फार मोलाचा. ट्रॉलीसाठी मात्र, जी मुळातच रेंगाळत चालते, त्याचे अप्रूप बाळगण्याचे कारण नाही. ट्रॉलीचा खरा लाभ धक्के सोसण्यात आणि विजेच्या काटकसरीत आहे.

ही काटकसर बॅटरी वाचवण्यासाठी नव्हे, वायरसाठी हवी; आणि हा मुद्दा दुकानात सहसा कोणी सांगत नाही. हेडपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीपर्यंतची वायर लांब, बहुधा बारीक, आणि ठिकठिकाणी पिळून जोडलेली असते. समजा तिचा आणि तिच्या सांध्यांचा मिळून अर्धा ओहम रोध आहे. दोन ट्रॉल्यांचे चार ब्रेक-बल्ब मिळून चौऱ्याऐंशी वॉट, म्हणजे बारा व्होल्टांवर सात अँपिअरची मागणी. एवढा प्रवाह त्या वायरीतून ओढायला गेल्यास अडीच-तीन व्होल्ट वाटेतच जिरतात, आणि तापणाऱ्या तारेचा प्रकाश व्होल्टच्या घटीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने घटत असल्यामुळे शेवटच्या बल्बाचे तेज निम्म्याच्याही खाली येते. त्याच वायरीवर चार एलईडी दिवे लावले तर मागणी अँपिअरभराची, घट अर्ध्या व्होल्टची, आणि मागचा दिवा पुढच्याइतकाच ठळक. वायर न बदलता दिवा सुधारतो असे क्वचितच घडते. येथे ते घडते.

तरीही केवळ बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडीचा बल्ब खोचणे, ही जी सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय रीत आहे, ती मला पसंत नाही. जुन्या दिव्याच्या आतील चकचकीत वाटी ही एका ठरावीक बिंदूवरील तारेचा प्रकाश मागे पसरवण्यासाठी घडवलेली असते. एलईडी बल्बवरील ठिपके त्या बिंदूवर नसतात, त्यामुळे प्रकाश भलतीकडे जातो आणि मध्ये एक तेजस्वी ठिपका, भोवती अंधार, असे रूप दिसते. त्याहून मोठी चूक म्हणजे तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी घालणे. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळसर लेप. त्याच्या प्रकाशात तांबड्याचा अंश थोडा, म्हणून काच त्यातले बहुतेक अडवते आणि जे उरते ते फिके, गुलाबी, लांबून ओळखू न येणारे. काचेचा रंग तोच एलईडीचा रंग, हा नियम. आणि तिसरी खोट अशी की स्वस्त बल्बांत नित्याचा उजेड आणि ब्रेकचा उजेड यांत फरक जवळजवळ नसतो. पाच वॉट आणि एकवीस वॉट यांतील तफावत हीच मागच्याला ‘हा थांबतो आहे’ असे सांगत असते, ती पुसली गेली तर दिवा नवा होऊनही मुका होतो. तेव्हा सबंध दिवाच, काच-वाटी-ठिपके एकत्र घडवलेला आणि पाणी न शिरेल असा सीलबंद, बसवावा. तोही बारा व चोवीस अशा दोन्ही व्होल्टांना चालणारा, कारण ट्रॉली आज बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरमागे असली तरी तिचे दिवे उद्या एखाद्या चोवीस व्होल्टच्या ट्रकवर चढवले जाणारच नाहीत असे नाही.

दिवे बसवल्यावर पहिली तक्रार इंडिकेटरची येते: तो पूर्वी संथ मिचकायचा, आता भरभर मिचकतो. याचे कारण जुन्या फ्लॅशरच्या स्वभावात आहे. एक बल्ब उडाला की प्रवाह घटतो, आणि तो घटला की चालकाला इशारा म्हणून फ्लॅशरने भरभर मिचकावे, अशी त्याची रचना. एलईडीचा प्रवाह जात्याच कमी, म्हणून तो बिचारा सगळेच बल्ब उडाले असे समजतो. यावर एक तोड म्हणून एलईडीला समांतर सहा ओहमचा रोधक जोडतात. तो बारा व्होल्टांवर चोवीस वॉट नुसते तापण्यात उधळतो, प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो, आणि ज्या काटकसरीसाठी हा सारा खटाटोप केला ती घालवून बसतो. भाराकडे न पाहता ठरलेल्या गतीने मिचकणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर थोड्या पैशांत मिळतो, तोच बसवावा. त्याबरोबर बल्ब उडाल्याची सूचना मिळण्याची सोय जाते, हे मात्र मान्य करून रोज निघण्यापूर्वी मागे एक फेरी मारण्याची शिस्त पाळावी लागते.

दुसरी तक्रार अधिक गूढ: ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा एका बाजूचा दिवा अर्धवट लागतो. गावोगावचा ऑटो इलेक्ट्रिशियन हे ऐकताच, दिव्याकडे न पाहता, म्हणतो, ‘अर्थ लागत नाही’. आणि दहापैकी नऊ वेळा तो बरोबर असतो. ट्रॉलीला जाणारी वीज वायरीतून जाते, पण तिच्या परतीचा मार्ग बहुतेक जण ट्रॉलीच्या सांगाड्यावर आणि हुकाच्या पिनेवर सोपवतात. पिनेवर गंज, ग्रीस आणि चिखल. म्हणून परतणारी वीज मिळेल त्या आडवाटेने, दुसऱ्या बल्बाच्या तारेतून, घरी यायला पाहते. बल्बांच्या राज्यात या आडवाटा दोन्ही दिशांनी खुल्या असत; एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून पूर्वी कसाबसा चालणारा दिवा आता बंदच पडतो आणि दोष नव्या दिव्याच्या माथी येतो. उपाय जुनाच आहे: अर्थसाठी स्वतंत्र वायर हेडपासून शेवटच्या दिव्यापर्यंत न्यावी, सात पिनांच्या सॉकेटमधील तिची पिन दर हंगामाच्या आरंभी घासून स्वच्छ करावी, आणि सांधे पिळण्याऐवजी डाख देऊन नळीने झाकावेत. एलईडीच्या किमतीइतकाच खर्च या कामाला येतो. तो टाळणाऱ्याने दिवे न बदललेले बरे.

कायद्याची बाजूही पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मज्जाव करते, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत दिव्यांचे रंग, जागा आणि वेळा ठरवून दिल्या आहेत: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत मागचा तांबडा दिवा जळालाच पाहिजे, आणि मागील नोंदणी क्रमांक पांढऱ्या उजेडात पंधरा मीटरांवरून वाचता आला पाहिजे. ही शेवटची अट ट्रॉल्यांच्या बाबतीत जणू रद्दच झाली आहे. ‘एमएच २३’ किंवा अंबाजोगाई कार्यालयाचे ‘एमएच ४४’ ही अक्षरे रात्री वाचून दाखवणारा तपासनीस मला कोणी भेटवावा. दिव्याच्या जागी त्याच रंगाचा, त्याच कामाचा आणि प्रमाणित कारखान्यात तयार झालेला दिवा लावण्यात अडचण येऊ नये. अडचण असते ती हौशीची. निळे मिचकणारे ठिपके, रंग बदलणाऱ्या पट्ट्या, मागच्याच्या डोळ्यांत घुसणारा पांढरा झोत, या साऱ्यांना एलईडीच्या स्वस्ताईने उधाण आणले आहे. ज्या ट्रॉलीच्या बाजूंना अशी रोषणाई लखलखते तिचाच मागचा तांबडा दिवा बंद असतो, असे दृश्य महामार्गावर दुर्मीळ नाही. आणि निळा रंग तर नियमांनी तातडीच्या सेवेतील वाहनांसाठी राखला आहे.

उत्तम दिवाही उसाआड गेला तर निरुपयोगी. मोळ्या मागे ओघळतात, बैलांसाठी किंवा विक्रीसाठी घेतलेल्या वाढ्यांची पेंढी नेमकी मागच्या पत्र्यावर लटकवली जाते, आणि दिवा पाल्यात लुप्त होतो. म्हणूनच गाळपाच्या आरंभी परिवहन खात्याची, पोलिसांची आणि कारखान्यांची माणसे ट्रॉल्यांना तांबडे परावर्तक आणि चमकते कापड बांधतात, ते स्तुत्य आहे. परावर्तकातील सूक्ष्म कोपरे ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेला तो परत धाडतात. त्याला ना वायर, ना अर्थ, ना बॅटरी. रस्त्याच्या मध्यभागी चमकणारे जे ‘मांजराचे डोळे’ इंग्लंडातील पर्सी शॉ याने १९३० नंतरच्या दशकात काढले तेही असेच परतीचे चमकतात, फक्त भिंगाच्या साह्याने. परंतु परावर्तक उसना प्रकाश परत करतो. मागच्या वाहनाचा झोत त्याच्यावर पडला तरच तो बोलतो. वळणावर, चढाच्या माथ्यावर, किंवा मागच्याचाच एक हेडलाईट बंद असला तर तो गप्प राहतो. दिवा आणि परावर्तक यांना एकमेकांचे पर्याय मानणे मला म्हणूनच पटत नाही. दोन्ही हवेत, आणि ट्रॉलीच्या तळाच्या चौकटीपेक्षा एखाद्या आडव्या दांड्यावर, पाल्याच्या बाहेर, हवेत.

ज्याला बॅटरीच नाही अशा वाहनाचा विचार अजून राहिला. फडापासून कारखान्यापर्यंत ऊस वाहणारी टायरची बैलगाडी पहाटे तीन-चारला रस्त्यावर असते. तिच्या आखाखाली कंदील टांगण्याची जुनी चाल घासलेटाबरोबर मागे पडली आणि तिची जागा पुष्कळ काळ कशानेच घेतली नाही. येथे तांबड्या एलईडीने खरी क्रांती केली आहे, आणि तिचे श्रेय पुन्हा त्या ठेंगण्या उतरणीला जाते: तांबड्याला पेटायला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, म्हणून दोन साध्या सेलांच्या तीन व्होल्टांवर, मध्ये एक चिमुकला रोधक घालून, तो बिनतक्रार चालतो, पांढऱ्याला किंवा निळ्याला तेवढ्यात भागत नाही. वीस मिलिअँपिअरचा असा एक ठिपका दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलांवर सलग शंभर तास जळेल. तो मिचकता केला आणि चौथा हिस्साच वेळ पेटता ठेवला तर चारशे तास. रात्री सहा तास धरले तरी दोन महिने, म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम. हा दिवा मोळीला बांधू नये, साट्याच्या मागच्या लोखंडी पट्टीला आवळावा. मोळीला बांधलेला दिवा कारखान्यावर उसाबरोबर गव्हाणीत जातो, आणि परतीच्या वाटेवर रिकामी गाडी पुन्हा अंधारात येते.